काट्यावरची लॅन हंगामातच तुटते. कोणता टेस्टर घेऊ? बजेट २५ हजार

काटा_ईडीपी:

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ईडीपीला, म्हणजे कॉम्प्युटर विभागात, आहे. ऊसकाट्याच्या केबिनमधला पीसी मुख्य ऑफिसच्या स्विचला कॅट-५ई केबलने जोडलाय. ऑफ-सीझनला तक्रार नाही. मोळी पडली, म्हणजे हंगाम लागला, आणि गव्हाण (ऊस आत नेणारा पट्टा) सुरू झाली की लिंक तुटायला लागते. अर्धा मिनिट जाते, परत येते. तेवढ्यात वजनाचं सॉफ्टवेअर सर्व्हर सापडत नाही म्हणून अडून बसतं, ऑपरेटर पुन्हा लॉगिन करतो आणि मागं ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत बसतात. रात्री तीनला फोन येतो तो मला.

माझ्याकडे आठ दिव्यांचा साधा लॅन टेस्टर आहे, दोन तुकड्यांत येतो तो. त्यावर एक ते आठ दिवे ओळीनं लागतात. म्हणजे केबल ठीक ना? दोन्ही टोकांचे कनेक्टर नवे मारले, पॅचकॉर्ड बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, पीसीसुद्धा बदलून पाहिला. काही फरक नाही. एक गोष्ट मात्र लक्षात आली. पूर्वी लिंक १ जीबीपीएस दाखवायची, आता बहुतेक वेळा १०० एमबीपीएस दाखवते.

स्टोअरला इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, टाकायचाय. एक सप्लायर म्हणतो, फ्लूकचा सर्टिफायर घ्या, त्याशिवाय फॉल्ट कळणारच नाही. किंमत ऐकून आमचे चीफ अकाउंटंट नुसते हसले. दुसरा म्हणतो, टोनर (केबल हुडकायचं यंत्र) घ्या, दोन-अडीच हजारांत भागेल. ऑनलाइन स्क्रीनवाले टेस्टर पाच हजारांपासून पुढे दिसतात आणि सगळ्यांवर 'लांबी मोजतो' असं लिहिलेलं असतं. माझ्या अधिकारात २५ हजार. त्यावर गेलं की तीन कोटेशनं आणि संचालक मंडळाची मीटिंग. नेमकं काय घेऊ?

रॅकवाला:

स्विच मॅनेज्ड, म्हणजे लॉगिन करून सेटिंग बदलता येणारा, आहे का? असेल तर टेस्टर अर्धा तुमच्या रॅकमध्येच आहे. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट मालिकेत टीडीआरची, म्हणजे तारेत स्पंद सोडून केबल तपासायची, कमांड असते, बऱ्याच स्मार्ट स्विचच्या वेब पानावर 'केबल डायग्नॉस्टिक्स' नावाचं बटण असतं. प्रत्येक जोडी ठीक आहे, तुटली आहे की शॉर्ट आहे आणि साधारण किती मीटरवर, एवढं सांगतं. लिनक्सवर ईथटूल या कमांडमध्येही केबल-टेस्ट आलंय, कर्नल ५.८ पासून, कार्डाच्या चिपने साथ दिली तर. फक्त ही चाचणी चालते तेव्हा लिंक पडते, त्यामुळे काट्यावर गाडी उभी असताना करू नका.

दुसरं म्हणजे अर्धा मिनिट. तार क्षणभर सुटली असेल तर लिंक दोन-चार सेकंदांत परत यायला हवी. ३० सेकंद जातात ते स्पॅनिंग ट्रीमुळे (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी स्विचची व्यवस्था), १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ शिकण्यात. त्या पोर्टला पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट करून टाका, म्हणजे ते ही वाट न बघता लगेच चालू होईल. दुखणं बरं होणार नाही, पण तुमचे रात्रीचे फोन कमी होतील.

मिरजेचा_तारवाला:

रॅकवाल्यांनी सांगितलं ते आधी करा, त्याला पैसे पडत नाहीत. मी कारखाने, सूतगिरण्या आणि दवाखाने यांच्या तारा ओढण्यात डोक्याचे केस पांढरे केलेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुमच्या पोस्टमध्येच निम्मं उत्तर आहे. शंभरच्या लिंकला दोनच जोड्या लागतात, १-२ आणि ३-६, म्हणजे नेहमीच्या बी रंगक्रमात केशरी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. लिंक शंभरावर उतरली याचा अर्थ निळी किंवा तपकिरी जोडी लंगडी आहे. पण शंभरावर उतरूनही ती तुटते. म्हणजे केशरी-हिरव्यातसुद्धा काहीतरी हलतंय. वेगवेगळ्या जोड्या एकाच वेळी दुखावल्या, तर जागा बहुतेक एकच असते. कुणीतरी मारलेला जॉइंट, उंदरानं कुरतडलेला भाग, नाहीतर केसिंगवर ठोकलेला खिळा. आणि हंगामातच का? गव्हाणीची थरथर, ट्रॅक्टरची ये-जा. ऑफ-सीझनला ती जागा निवांत पडून असते.

आता तुमचा दिव्यांचा टेस्टर. तो प्रत्येक तारेतून चिमूटभर करंट सोडतो आणि पलीकडे एलईडी पेटतो का बघतो, बस. तारेत मध्ये वीस-तीस ओहमचा गंजका जॉइंट असला तरी एलईडी पेटणारच. दिव्यांचा मंदपणा आपल्या डोळ्याला कळत नाही. दुसरी गोष्ट जी त्याला कधीच कळत नाही ती स्प्लिट पेअर. नव्या पोरांना रंग ओळीत लावायला आवडतात: केशरी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना सारखंच लावलं की दिवे एक ते आठ छान लागतात. पण ३ नंबरला हिरव्या जोडीतली तार आणि ६ ला निळ्यातली. पीळ असलेली जोडीच राहिली नाही, तर शेजारच्या जोडीचा आवाज कापायचा कुणी? दोन मीटरच्या पॅचकॉर्डमध्ये हे खपून जातं, साठ मीटरला सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाच्या नोंदी, मोजता येत नाहीत इतके. त्यामुळे दिव्यांचा टेस्टर ठेवा, पण क्रिम्पिंग संपल्यावर एक नजर टाकायला म्हणून.

पुढचं हत्यार तुमच्या इलेक्ट्रिकल विभागाकडे फुकट पडलंय. मल्टिमीटर. दोन्ही टोकं उपकरणांतून काढा. पीओई (केबलमधूनच वीज देणं) असेल तर तो पहिला बंद, ओहमवर ठेवलेल्या मीटरला व्होल्टेज देऊ नका. वीतभर केबलला एक कनेक्टर मारून दुसऱ्या बाजूला केशरी-पांढरी केशरीला पिळा, हिरवी-पांढरी हिरवीला, तसंच चारही. हा झाला शॉर्टिंग प्लग, तो कपलरने काट्याकडच्या टोकाला लावा. ऑफिसच्या टोकाला प्रत्येक जोडीचा रेझिस्टन्स मोजा. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून जे येतं ते वजा करा.

अस्सल तांब्याच्या २४ गेजच्या तारेचा १०० मीटरला जाऊन-येऊन साधारण १७ ओहम येतो. ८० मीटरला साडेतेरा-चौदा. चारही जोड्या जवळजवळ सारख्या आल्या पाहिजेत. चारही सारख्याच पण दीडपट आल्या, तर केबल अॅल्युमिनियमची आहे, वरून तांब्याचा मुलामा. बाजारात 'सीसीए' म्हणून मिळते आणि 'सीसीए' न सांगताही मिळते. ब्लेडनं तार खरवडा, आत पांढरी दिसली की समजा. कॅट-५ई, कॅट-६ च्या मानकांत अशी तार बसतच नाही, बॉक्सवर काहीही छापलेलं असो. तीन सारख्या आणि एक वाढीव आली, तर त्या जोडीत जॉइंट खराब. मोजताना आकडा नाचला तर अजून चांगलं, चोर सापडला.

मीटर सांगेल की दोष आहे. कुठे आहे ते नाही सांगणार, त्याला टीडीआर लागतो. तो तारेत एक स्पंद सोडतो. तार जिथे तुटली किंवा शॉर्ट झाली तिथून तो परत फिरतो. जायला-यायला किती नॅनोसेकंद लागले त्यावरून अंतर काढतात. या केबलमध्ये स्पंद प्रकाशाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने धावतो. म्हणून टेस्टरमध्ये एनव्हीपी नावाचा आकडा भरायचा असतो, साधारण ६९ टक्के. केबलच्या माहितीपत्रकात तो मिळतो. चुकीचा भरला की पन्नास मीटरवर तीन-चार मीटर इकडेतिकडे होतं आणि तुम्ही भिंत भलतीकडे फोडता.

आणि हे इंडेंटमध्ये लिहिण्याजोगं: स्वस्त स्क्रीनवाल्यांतले कित्येक टीडीआर नसतातच. ते दोन तारांमधला कपॅसिटन्स मोजतात आणि मीटरला साधारण ५० पिकोफॅरड धरून लांबी सांगतात. अखंड कोरड्या केबलवर आकडा बरोबर येतो, त्यामुळे दुकानात सगळं छान दिसतं. दुकानदाराला एवढंच सांगा, दुसरं टोक शॉर्ट करून लांबी दाखव. टीडीआर असेल तर शॉर्टपर्यंतचं अंतर दाखवेल. कपॅसिटन्सवाला गप्प बसेल किंवा काहीही बोलेल. आमच्याकडे पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरतं तेव्हाही कपॅसिटन्सवाले बेडूकउड्या मारतात, कारण पाण्याने तो भरमसाट वाढतो.

टोनरबद्दल: टोनर दोष शोधत नाही, केबल शोधतो. पन्नास तारांच्या जुडग्यात काट्याची कोणती, भिंतीतून कुठून गेली, हे त्याचं काम. ते कामही मोठं आहे, म्हणून एक असावाच. फक्त एकाच जोडीच्या दोन तारांना क्लिपा लावू नका, पिळामुळे आवाज आतल्या आत मरतो. एक क्लिप एका जोडीच्या तारेला, दुसरी वेगळ्या जोडीच्या तारेला. केबल स्विचमध्ये लावलेली असली तर साधा टोन दबून जातो, आधी काढा. पॉवरच्या केबलशेजारी प्रोब ५० हर्ट्झचीच गुणगुण ऐकवत बसतो. तिथे डिजिटल टोनर लागतो, तो महाग.

सर्टिफायर तुम्हाला नको. त्याची किंमत काही लाखांत असते, दरवर्षी कॅलिब्रेशनचा खर्च वेगळा. कॅट-६ असेल तर २५० मेगाहर्ट्झपर्यंत क्रॉसटॉक, रिटर्न लॉस वगैरे मोजून पास-नापासाचा दाखला देणं हे त्याचं काम. नवी बिल्डिंग झाली, दोनशे पॉइंट टाकले, कंपनीची २५ वर्षांची वॉरंटी हवी, तर ठेकेदाराला सर्टिफायर आणायला लावा. आणि त्याच्याकडून पीडीएफ नका घेऊ, टेस्टरमधली मूळ रिझल्ट फाइल मागा. एकाच पॉइंटचा रिपोर्ट नाव बदलून दोनशे वेळा छापलेला मी पाहिलाय.

घाटमाथा:

एवढं कशाला? पीसीच्या कार्डाला स्पीड-ड्युप्लेक्समध्ये १०० फुल फिक्स करा. वजनाच्या स्लिपेला गिगाबिट काय करायचंय. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मी हेच करतो.

मिरजेचा_तारवाला:

घाटमाथा, हे करू नका असं हात जोडून सांगतो. पीसी १०० फुलला फिक्स केला की बहुतेक कार्डं ऑटो-निगोशिएशन बंद करतात. पलीकडे स्विच ऑटोवर. त्याला वेग कळतो, ड्युप्लेक्स (दोघांनी एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीनं) कळत नाही, म्हणून तो नियमाप्रमाणे हाफ ड्युप्लेक्स धरतो. मग स्विचकडे लेट कोलिजन, पीसीकडे सीआरसी. पिंग छान जातं आणि फाइल कॉपी करायला घेतली की जीव जातो. लॅबमध्ये चालत असेल तर दोन्ही बाजू फिक्स केल्या असतील किंवा कुणी मोठी फाइल हलवत नसेल. वेग कमी ठेवायचाच तर ऑटो चालू ठेवून स्विचवर फक्त १०० जाहीर करायला सांगा. आणि इथे त्याचा उपयोगही नाही, कारण यांच्या शंभरच्याच जोड्या हलतायत.

काटा_ईडीपी:

काका, सगळं केलं. स्विच मॅनेज्ड निघाला, पासवर्ड जुन्या फाइलीत सापडला. पोर्टफास्ट केलं, ऑपरेटर एवढ्यावरच खूश आहे.

स्विचचे काउंटर: सीआरसी जवळपास नाहीत. लिंक अप-डाउनच्या नोंदी मात्र पानंच्या पानं. गव्हाण बंद होती त्या पाळीत एकही नाही.

मीटर: केशरी १४.१, हिरवी १४.६, निळी १४. तपकिरी ३३, आणि ती स्थिर राहात नाही. केबिनच्या बाहेर ट्रॉली गेली की ४० वर जाते आणि परत येते. हिरवीसुद्धा मधूनच उडी मारते. ब्लेडनं खरवडलं, तार आत लालच आहे.

अजून एक. केबलच्या कोटावर मीटरचे आकडे छापलेले असतात, त्यावरून लांबी काढायला गेलो. ऑफिसच्या टोकाला एका कंपनीचं नाव आणि २१४, काट्याच्या टोकाला दुसऱ्याच कंपनीचं नाव आणि ०३१. म्हणजे दोन वेगळ्या केबली मध्ये कुठेतरी जोडल्यात. हे आमच्याकडे कुणालाच माहीत नाही. केबल टाकणारा ठेकेदार केव्हाच गेला.

स्विचची चाचणी कधी 'ओके' दाखवते, कधी तपकिरी जोडी 'ओपन', ५१ मीटर. कशावर विश्वास ठेवू?

मिरजेचा_तारवाला:

वा, छापील आकडे बघितलेत हे झकास केलंत. पुष्कळ जण तिथपर्यंत जात नाहीत.

विश्वास दोन्हींवर ठेवा. स्विचमधला टीडीआर जाडाभरडा असतो, त्याला पूर्ण तुटलेली किंवा शॉर्ट झालेली तार कळते. जॉइंट त्या घडीला टेकलेला असेल, मध्ये वीसेक ओहमच असतील, तर परत येणारा स्पंद आठ-नऊ टक्क्यांचा. तेवढ्याला तो 'ओके'च म्हणतो. ट्रॉली गेली, जॉइंट सुटला, की 'ओपन'. म्हणून चाचणी गव्हाण चालू असताना घ्यायची आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत. काउंटरही तेच सांगतायत: सीआरसी नाहीत म्हणजे व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राचा) किंवा मोटरचा विद्युत गोंगाट नव्हे, तार खरोखर सुटतेय.

१४ ओहम म्हणजे एकूण लांबी ८३-८४ मीटर. ५१ मीटर ऑफिसकडून. पण ते केबलच्या वाटेने ५१, सरळ रेषेत नव्हे. रॅकमध्ये गुंडाळून ठेवलेली दोन-तीन मीटर, भिंतीवर चढलेली, वळसा घेतलेली, सगळं धरा. कुणाकडून तरी टोनर उसना आणा, रूट चाला, सोबत टेप. ४७ ते ५५ मीटरच्या पट्ट्यात डब्बा, केसिंगचा सांधा किंवा टेप गुंडाळलेलं काहीही दिसलं की थांबा.

फायबर_गल्ली:

मध्येच बोलतो. ऑफिस आणि काटा या दोन वेगळ्या इमारती आहेत ना? मग तांब्याची केबल तिथे असायलाच नको. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, वळवाचा पाऊस आला, जवळ वीज पडली की स्विचचं पोर्ट जाणार. जॉइंट शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा आर्मर्ड फायबर टाका, दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची लॅन फायबरवर नेणारे डबे) लावा.

मिरजेचा_तारवाला:

तुमचं शंभर टक्के बरोबर, पण गाळप चालू असताना यार्डात चर कोण खणू देणार? शेती अधिकारी अंगावर येतील. फायबर एप्रिलनंतर. तोवर जॉइंट. आणि फायबर आलं की हत्यारं पुन्हा वेगळी लागतात, हेही सांगा ना त्यांना. लाल उजेडाचा पेन आणि पॉवर मीटर एवढं घरात ठेवायचं, स्प्लायसिंग मशीनवाला बोलवायचा. पेनाचा उजेड डोळ्यात घालून बघू नये, पोरं हमखास बघतात.

काटा_ईडीपी:

सापडला! सायकल स्टँडच्या मागं, पत्र्याच्या पन्हाळीखाली. पीव्हीसीच्या डब्यात आठही तारा हातानं पिळून काळी टेप मारलेली. डब्याचं झाकण नाही. तपकिरीचं तांबं पार हिरवं पडलंय, हात लावला आणि एक तार हातात आली. टेपनं मोजलं तर रॅकपासून साडेएकोणपन्नास मीटर.

आता तिथं काय करू? पुन्हा पिळून टेप मारायचा मोह होतोय, रात्रपाळी सुरू व्हायचीय.

मिरजेचा_तारवाला:

पिळू नका. हिरवं पडलेलं सगळं कापून टाका, तांबं लख्ख दिसेपर्यंत मागं या. दोन्ही टोकांना क्रोन टूलनं (तार जॅकमध्ये दाबून बसवायचं हत्यार) कीस्टोन जॅक, म्हणजे लॅनचं सॉकेट, मारा, मध्ये अर्ध्या मीटरची तयार पॅचकॉर्ड. जॅकपाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. हे सगळं झाकणवाल्या वॉटरप्रूफ डब्यात, केबल खालून आत घ्या म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत येणार नाही. डबा पन्हाळीखालून हलवा. केबल कमी पडली तर ओढू नका, पॅचकॉर्ड लांब घ्या. मग पुन्हा मीटर लावा, चारही जोड्या चौदाच्या आसपास आल्या की रात्रपाळीला झोपा.

काटा_ईडीपी:

तपकिरी १४.३. लिंक १ जीबीपीएस. गव्हाण चालू आहे, नोंद नाही.

इंडेंट मात्र टाकणारच, कारण आता डिस्टिलरीच्या केबलवर मला शंका यायला लागलीय. असं लिहितोय: खरा टीडीआर असलेला वायरमॅप टेस्टर (कोणती तार कुठं जोडलीय ते दाखवणारा), जोडीनिहाय ओपन आणि शॉर्टचं अंतर, स्प्लिट पेअर ओळखणारा, एनव्हीपी बदलता येणारा, पीओईचं व्होल्टेज लागलं तरी न जळणारा. सोबत डिजिटल टोनर आणि प्रोब. क्रोन टूल एक. शक्यतो २५ हजारांच्या आत. काही राहिलं?

मिरजेचा_तारवाला:

खाली एक ओळ जोडा: 'खरेदीपूर्वी कारखान्याच्या नमुना केबलवर प्रात्यक्षिक आवश्यक.' आणि नमुना तुम्हीच बनवा. वीस-पंचवीस मीटरच्या एका तुकड्याला दोन्हीकडे रंग ओळीत लावून स्प्लिट पेअर करा. दुसऱ्या तुकड्यात, टोकापासून मोजून दहा मीटरवर, कोट हलक्या हातानं उघडा, निळ्या जोडीतली एक तार कापा, तपकिरी जोडीच्या दोन तारा सोलून एकमेकींना टेकवा आणि वरून टेप मारून बंद करा. दहा मीटरच्या आतलं घेऊ नका, काही टेस्टरना सुरुवातीचे दोन-चार मीटर दिसतच नाहीत आणि सप्लायरला निमित्त मिळतं. कुठं काय केलंय ते कागदावर लिहून स्टोअरकीपरकडे पाकिटात द्या, सप्लायरला नुसती केबल द्या.